शेवटच्या कुपीत उरणाऱ्या एका डोसाबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
मेंदूज्वर व लस-परिणाम अभ्यास प्रकल्प,
नदीकाठ संशोधन केंद्र, घाटमुख.

अर्जदार : फुलेश्वर ताइद, वय ५९, निवृत्त कीटक संग्राहक, हल्ली मुक्काम तल-चापोरी. (पूर्वीचा मुक्काम उपर-चापोरी. ते गाव सध्या नदीत आहे.)

विषय : बुधवार, दि. १० जून रोजी तल-चापोरीस येणाऱ्या लसीच्या बोटीवर अर्जदाराची मुलगी जोनाली, वय ११, हिला मेंदूज्वराची लस मिळण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे दि. २ मार्च, ३० मार्च व ४ मे रोजीचे अर्ज.
२) त्यांवर आपल्या कार्यालयाकडून आलेली तीन उत्तरे, जी एकमेकांशी जुळत नाहीत.
३) डुक्कर क्र. ६ चा तपासणी निकाल, दि. ३ जून.

महोदय,

१. सुरुवातीलाच एक खुलासा करणे भाग आहे. अर्जदाराच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्यामुळे या अर्जाचा मजकूर अर्जदाराचा असला तरी हस्ताक्षर त्याची मुलगी जोनाली हिचे आहे. अर्जदार सांगतो आणि ती लिहिते. आपल्या दप्तरी हीच मुलगी तीन ठिकाणी आहे. एका ठिकाणी तिला लस टोचून झाली आहे, दुसऱ्या ठिकाणी ती जन्मलीच नाही आणि तिसऱ्या ठिकाणी ती मयत आहे. ‘मयत’ हा शब्द लिहायला तिने आधी नकार दिला. सरकारी कागदावर सरकारी शब्दच लिहावा लागतो, असे अर्जदाराने तिला समजावले, तेव्हा तिने तो लिहिला. बापावर मुलीला असे समजवायची वेळ यावी, याचे अर्जदाराला वाईट वाटते, आणि ते येथेच नमूद केलेले बरे.

२. अर्जदार आपल्याला अनोळखी नाही. आपल्या आधीच्या चार अधिकाऱ्यांच्या हाताखाली त्याने केंद्रात बावीस वर्षे कीटक संग्राहक म्हणून नोकरी केली. रोज तिन्हीसांजेला लोकांच्या गोठ्यांत आणि डुकरांच्या खोपटांत बसून काचेच्या नळीने एकेक डास तोंडाने ओढून घ्यायचा, कुपीत सोडायचा, कुपीवर गाव, घर आणि वेळ लिहायची, हे त्याचे काम होते. बावीस वर्षांत त्याने एक डास दोनदा मोजला नाही आणि गोठ्यातला डास खोपटाच्या नावावर दाखवला नाही. गेल्या वर्षी नळीतला डास दिसेनासा झाला, म्हणून त्याने स्वतःहून राजीनामा दिला. हे स्वतःची टिमकी वाजवण्यासाठी सांगितलेले नाही. नोंद म्हणजे काय हे अर्जदाराला कळते आणि आपल्या दप्तराबद्दल त्याच्या मनात आदर आहे, एवढेच त्याला सांगायचे आहे. तो आदर अजून आहे. थोडा उरला आहे.

३. आता मूळ भानगड. प्रकल्प सुरू झाला तेव्हा, म्हणजे २००७ च्या जानेवारीत, आपल्या लोकांनी दोन्ही चापोऱ्यांतल्या, म्हणजे नदीलगतच्या गाळाच्या जमिनीवरच्या, घरांवर पिवळ्या रंगाने क्रमांक घातले. उपर-चापोरीला लस आधी आणि तल-चापोरीला दोन वर्षांनी द्यायची होती, म्हणजे ताप कुठे कमी होतो याची तुलना करता येईल. अर्जदाराची त्यास तेव्हाही हरकत नव्हती. क्रमांक कुठे घालायचा, याचा मात्र विचार कोणी केला नाही. आमच्या मिसिंग जमातीच्या लोकांची घरे खांबांवर असतात, वर माणसे आणि खाली डुकरे. भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या असतात, त्यावर रंग टिकत नाही. म्हणून आपल्या लोकांनी क्रमांक कोपऱ्यातल्या खांबावर घातला. अर्जदाराच्या घराला क्रमांक मिळाला ४१.

आता आपल्याला ठाऊक असेल किंवा नसेल, आमच्याकडे घर म्हणजे जागा नव्हे. ब्रह्मपुत्रा काठ खाऊ लागली की आम्ही घर उकलतो, खांब उपटतो, होडीत घालतो आणि दुसरीकडे उभे करतो. तट्ट्या नव्या विणता येतात, पण नाहोराच्या टणक लाकडाचा खांब आता मिळत नाही. तो आजोबांच्या हातचा असतो. म्हणून नदीला जमीन द्यावी, घर द्यावे, पण खांब देऊ नये, असे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असते. ज्याला गाव सोडून कायमचे जायचे आहे, तो आपले खांब मागे राहणाऱ्याला देऊन जातो. एका घरात दोन-तीन घरांचे खांब असणे ही इकडे रोजची गोष्ट आहे. माणसांच्या दृष्टीने त्यात चूक काही नाही. पण आपल्या दृष्टीने खांब म्हणजे क्रमांक, आणि क्रमांक म्हणजे घर. इथेच घोडे पेंड खाते.

४. त्याच वर्षी एप्रिलच्या शेवटी पाणी लवकर चढले आणि उपर-चापोरीचा काठ ढासळू लागला. नेमकी त्याच आठवड्यात लसीची बोट आली. अर्जदाराची ड्यूटी बर्फाची पेटी वाहण्याची होती. पत्नी पदुमी घराच्या तट्ट्या सोडवत होती आणि जोनाली, वय तेव्हा नऊ, काठावर उपटून ठेवलेले खांब राखत बसली होती, पाण्याने ओढून नेऊ नयेत म्हणून. शिमुळाच्या झाडाखाली नोंदणी चालली होती. नावे घेत नव्हते, कारण संशोधनाच्या नियमाप्रमाणे लोकांची नावे गुप्त ठेवावी लागतात. नुसता घराचा क्रमांक पुकारायचे, मग मूल पुढे यायचे. क्रमांक ४१ पुकारला गेला. अर्जदाराने पेटी खाली ठेवली आणि म्हणाला, “हजर.”

महोदय, ही चूक अर्जदाराची आहे आणि ती तो कोणावर ढकलत नाही. इतकी वर्षे सकाळच्या हजेरीला आपला क्रमांक आला की ‘हजर’ म्हणायची जिभेला सवय होती. लिहिणाऱ्याने ४१ पुढे खूण केली. मुलीला दुपारी आणून टोचून घेऊ, असे अर्जदाराने मनाशी ठरवले. दुपारी घराखालचा काठ गेला. आपली पेटी दोन वाजता बंद झाली आणि बोट निघून गेली. त्या दिवशी घराचे अकरा खांब वाचले, आणि ज्या मुलीने ते वाचवले तिची लस तेवढी राहिली. अर्जदार हे रोज स्वतःला ऐकवतो. पदुमी अधूनमधून ऐकवते, आणि तिचा तो अधिकार आहे.

५. घर नंतर तल-चापोरीत मेहुण्याच्या जागेवर उभे केले. कोपऱ्याचे चार खांब लागतात. वाचलेल्या अकरांपैकी कोपऱ्याजोगे जाड दोनच होते, पैकी एकावर ४१. तिसरा मेहुणे हेमकांत दोले यांनी आपल्या जुन्या घराचा दिला, त्यावर १७. ते घर तल-चापोरीचे, पहिल्या मोजणीला त्यात फक्त म्हातारा-म्हातारी होती, मूलबाळ नव्हते. चौथा खांब शेजारीण सोमेश्वरी पायेंग हिने उपर-चापोरी सोडताना दिला, त्यावर ८८. तिची मुलगी तरुलता क्रमांक घालण्याच्या आधीच्या पावसाळ्यात डोक्याच्या तापाने गेली. पहिल्या मोजणीत आपल्या लोकांनी ८८ पुढे लिहिले : मुलगी, वय नऊ, मयत.

यंदा जानेवारीत फेरमोजणीसाठी आपल्याकडून एक तरुण आला. अत्यंत कष्टाळू आणि प्रामाणिक माणूस. त्याने घराला प्रदक्षिणा घातली, तिन्ही क्रमांक टिपले आणि तीन वेगळे फॉर्म भरायला बसला. पदुमीने तामोल-पान पुढे केले आणि अर्जदाराने खांबांची सगळी हकीकत सांगितली. त्याने ती मन लावून ऐकली. मग म्हणाला, “काका, मला पटतंय. पण सूचनेत ‘घर म्हणजे क्रमांक’ असंच दिलंय. मी एक जरी सोडला तर माझी नोकरी जाईल.” त्याच्यावर राग धरता येत नाही. अर्जदार त्याच्या जागी असता तर त्यानेही तेच केले असते.

६. त्याचा परिणाम मार्चमध्ये शाळेच्या भिंतीवर लागला. आता तल-चापोरीची पाळी आली होती आणि लस द्यायच्या मुलांची यादी चिकटवली होती : क्रमांक, वय, मुलगा की मुलगी. जोनालीने ती दोनदा वाचली. ४१ ला लस झालेली, म्हणून वगळले. १७ मध्ये मूल नाही. ८८ मधले मूल मयत, आणि वय जुळत असल्याने कोणाला शंकाही आली नाही. घरी येऊन ती म्हणाली, “बाबा, मी मेले असले तरी शाळेत जावंच लागेल का?” घरात सगळे हसले. पदुमी हसली नाही.

वर्गातली मुले तेव्हापासून तिला भूत म्हणतात. पण मास्तर हजेरी घेतात, तिथे ती रोज ओ देते. म्हणजे तिचे असणे शाळेला मान्य आहे, फक्त केंद्राला मान्य नाही.

७. पुढचा पत्रव्यवहार आपल्या फायलीत आहेच, तरी थोडक्यात. २ मार्चच्या अर्जाला उत्तर आले की ४१ मध्ये लस दिली असून तेच मूल पुन्हा टोचणे नियमाबाहेर आहे. मग ३० मार्चला १७ मध्ये मुलीची नोंद करावी, अशी विनंती केली. उत्तर आले, जन्माचा दाखला जोडा. जन्म उपर-चापोरीचा. तिथल्या गावबुढ्याला, म्हणजे गावप्रमुखाला, शोधत अर्जदार पलीकडच्या तीरावर गेला. तो म्हणाला, “गाव पाण्यात, शिक्का पाण्यात, मी तेवढा वर राहिलोय. दाखला कशावर मारू, पाण्यावर?” ४ मेला ८८ बद्दल अर्ज केला की मयत मुलगी वेगळी आहे. त्यावर उत्तर आले की मयत मुलीच्या पालकांनी तसे लिहून दिल्यास ८८ ही नोंद चुकीची धरून रद्द करण्यात येईल.

गावातल्या दवाखान्यात प्रयत्न केला नाही, असे नाही. तिथे दोन वर्षांखालील बाळांनाच लस मिळते. मोठ्या मुलांची लस फक्त आपल्या बोटीवर असते, आणि प्रकल्पातल्या गावांना बाहेरून लस देऊ नये असे आपलेच पत्र तिथे भिंतीवर लावले आहे. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत झाली आहे.

८. आपल्या सांगण्यावरून अर्जदार १० मेला सोमेश्वरीकडे गेला. ती बांधावर ताडपत्रीखाली राहते. नवरा केरळात कामाला गेला आहे. अर्जदाराने कागद पुढे केला आणि काय लिहिले आहे ते वाचून दाखवले. ‘रद्द’ म्हणजे काय, असे तिने विचारले. खोडून टाकतील, आणि मोजणीत ती मुलगी धरणार नाहीत, असे अर्जदाराने खरे ते सांगितले. ती चुलीतले लाकूड पुढे-मागे करू लागली.

मग म्हणाली, “दादा, घर गेलं, गाव गेलं, जिथं पुरलं ती जागाही नदीनं नेली. माझी पोर एवढ्या एका कागदावर उरलीय. ती खोडायला मी अंगठा देऊ?”

तिथे नाव नाही, नुसता आकडा आहे, असे अर्जदाराने सांगून पाहिले.

“आकडा तर आकडा,” ती म्हणाली. “आहे ना कुठंतरी.”

अर्जदार कोरा कागद घेऊन परत आला. त्याने आग्रह धरला असता तर तिने अंगठा दिला असता, कारण बाई भिडस्त आहे आणि जोनाली तिच्या अंगाखांद्यावर वाढली आहे. अर्जदाराने आग्रह धरला नाही. आपल्याला एक मूल जिवंत लिहून हवे आहे, म्हणून दुसऱ्याचे मेलेले मूल पुसावे, असा व्यवहार कोणत्या नियमात बसतो ते अर्जदाराला माहीत नाही, पण त्याच्या मनात तो बसला नाही. म्हणून येथे स्पष्ट लिहितो की ८८ ची नोंद बरोबर आहे आणि ती कायम ठेवावी. ती मुलगी होती. ती तापाने गेली. तिला आपल्या केंद्राच्या मोजणीत धरलेच पाहिजे.

९. यानंतर आपले मुख्य लिपिक श्री. हातीबरुआ यांनी तोंडी सल्ला दिला, तो सद्भावनेनेच दिला असणार. ते म्हणाले की, ज्या घरावर एकही क्रमांक नाही, त्याला नवा क्रमांक मिळू शकतो. रंग खरवडू नका, ती खाडाखोड धरली जाते. म्हणून रविवारी, १७ मेला, अर्जदाराने आणि मेहुण्याने करवत घेऊन तिन्ही खांबांवरचे आकड्यांपुरते तुकडे कापून काढले. नाहोराचे लाकूड लोखंडासारखे आहे, सकाळपासून संध्याकाळ झाली. आजोबांच्या खांबावर करवत चालवताना अर्जदाराला कसे वाटले, हा या अर्जाचा विषय नाही.

त्यामुळे तीन खांब कमरेतून निम्मे झाले आणि घर नदीच्या अंगाला कलले. भाताचे भांडे चुलीवर सरळ राहत नाही, त्याखाली पाचर लावावी लागते. दुसऱ्या दिवशी अर्जदार आपल्या कार्यालयात गेला तेव्हा श्री. हातीबरुआ यांनी कळवले की नवे क्रमांक देणे ३१ मार्चलाच बंद झाले असून यादी गोठवली आहे. ही गोष्ट त्यांना आदल्या आठवड्यात माहीत नव्हती. आता घरावर क्रमांक नसल्याने ते घर प्रकल्पातच नाही. पूर्वी मुलगी तीन ठिकाणी चुकीची होती, आता एकाही ठिकाणी नाही. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे मोती राहिला आणि नाकच कापले गेले.

पदुमी त्या दिवशी एवढेच बोलली, “बावीस वर्षं डास मोजलेत. एक पोरगी मोजून घेता येईना तुम्हाला?”

१०. आता डुकरांबाबत. अर्जदाराच्या घराखाली आपल्या केंद्राची चार पहाऱ्याची डुकरे आहेत. भातखाचरातला डास आधी डुकराला चावतो आणि विषाणू माणसाच्या आधी डुकराच्या रक्तात दिसतो, म्हणून दर पंधरा दिवसांनी आपली माणसे त्यांचे रक्त घेऊन जातात. ही डुकरे अर्जदाराने स्वतःहून मागून घेतली होती, केंद्रावरच्या जुन्या मायेपोटी. पावसाळा संपेपर्यंत त्यांना हलवणार नाही, विकणार नाही, मच्छरदाणीत बांधणार नाही, असे त्याने करारावर सही करून दिले आहे. त्यांच्या कानात पितळी बिल्ले आहेत. ती खांबावरच्या आकड्याने ओळखली जात नाहीत, त्यामुळे त्यांची यादी कधी चुकली नाही. घर कलल्याबरोबर डुक्कर विभागाकडून तीन दिवसांत नोटीस आली की पहाऱ्याच्या प्राण्यांच्या निवाऱ्यात बदल का केला, याचा लेखी खुलासा करावा. खुलासा दिला आहे. मुलीबद्दलच्या पहिल्या दोन अर्जांना उत्तर यायला तीन-तीन आठवडे लागले होते, हे फक्त सहज लक्षात आले म्हणून लिहिले.

३ जूनला निकाल आला. डुक्कर क्र. ६ : विषाणूची खूण आढळली. डुकराची तब्येत उत्तम आहे, भरपूर खाते. निकालाच्या खाली छापील ओळ आहे, ती अर्जदाराला पाठ आहे, कारण पूर्वी अशी पत्रे तोच घरोघर वाटत असे : ‘पुढील दोन ते तीन आठवड्यांत परिसरातील बालकांत रुग्ण आढळण्याचा संभव आहे.’

महोदय, आमच्या घराची जमीन बांबूच्या फटींची आहे. जोनालीची चटई जिथे पडते, तिच्या बरोबर खाली क्र. ६ झोपतो. फटीतून त्याचा श्वास ऐकू येतो. चटई दुसऱ्या कोपऱ्यात नेली आहे, पण डासाला चार हातांचा फरक कळत नाही, हे अर्जदारापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार? डुक्कर हलवावे तर करार मोडतो, आणि करार मोडणाऱ्याच्या गावाला बोट थांबत नाही, असे मागच्या वर्षी एका गावाच्या बाबतीत झाले आहे. मुलीला मावशीकडे पाठवावे तर बुधवारी ती इथे नसेल, आणि इथे नसल्यामुळे एकदा काय झाले ते परिच्छेद ४ मध्ये आले आहे. शिवाय मावशीही भातखाचरातच राहते. इकडे आड, तिकडे विहीर. बुधवारनंतर पाणी चढेल आणि कातीपर्यंत, म्हणजे कार्तिकापर्यंत, बोट येणार नाही. तोवर तापाचा हंगाम होऊन गेलेला असेल. मग लस म्हणजे वरातीमागून घोडे.

११. म्हणून अर्जदार आता क्रमांक मागत नाही, यादीत नाव मागत नाही, कोणाची नोंद बदलून मागत नाही. त्याची मागणी फक्त पुढीलप्रमाणे आहे.

भिंतीवरच्या यादीत १६३ मुले आहेत. एका कुपीतून पाच जणांना लस होते. म्हणजे ३३ कुप्या लागतील आणि शेवटच्या कुपीत दोन डोस उरतील. उघडलेली कुपी ठराविक तासांनी फेकून द्यावी लागते. अर्जदाराने अशा कितीतरी कुप्या स्वतःच्या हाताने खड्ड्यात टाकल्या आहेत आणि वहीत ‘वाया’ असे लिहिले आहे. त्या दोनपैकी एक डोस खड्ड्यात टाकण्याऐवजी जोनालीच्या दंडात टाकावा. वहीत ‘वाया’ असेच लिहावे. अर्जदार कधीही, कुठेही, कोणत्याही चौकशीत त्याबद्दल बोलणार नाही. तिला लस मिळाली याचा कागद नको, दाखला नको, शिक्का नको. प्रकल्पाच्या हिशेबात ती नसली तरी चालेल. बोटीजवळ रांग संपेपर्यंत ती बाजूला उभी राहील, आपल्या लोकांना बोलावावेही लागणार नाही. या वेळी अर्जदार तिचा हात धरून उभा राहील आणि कोणताही क्रमांक पुकारला गेला तरी तोंड उघडणार नाही.

हे नियमात बसत नसल्यास परिच्छेद ४ मधील चुकीबद्दल अर्जदारावर जी कारवाई करायची ती जरूर करावी. ती चूक नऊ वर्षांच्या मुलीने केलेली नव्हती. ती खांब राखत होती.

इतके वाचण्याची तसदी घेतल्याबद्दल आभारी. आपल्या केंद्राचे मीठ खाल्लेला,

आपला नम्र,
(सही) फुलेश्वर ताइद
तल-चापोरी, शनिवार, दि. ६ जून २००९

सोबत :
१) आपल्या कार्यालयाची तीन उत्तरे, मूळ प्रती.
२) शाळेच्या हजेरीपटाचे पान, मास्तरांच्या सहीने. त्यात जोनाली ताइद काल, दि. ५ जूनपर्यंत हजर आहे.
३) खांबाचा तुकडा, क्रमांक ४१.
४) खांबाचा तुकडा, क्रमांक १७.
५) खांबाचा तुकडा, क्रमांक ८८, जोडलेला नाही. तो सोमेश्वरी पायेंग हिने मागून घेतला. तिने तो चुलीजवळ उभा करून ठेवला आहे.

टीप : ‘सोबत’ पासून पुढचे अक्षर वेगळे आणि वेडेवाकडे दिसेल, ते अर्जदाराचे स्वतःचे आहे. सही झाल्यावर मुलीने लेखणी खाली ठेवली. डोके दुखते म्हणाली. सकाळपासून एकाच जागी बसून लिहीत होती, आणि आज ऊनही फार आहे. पदुमीने कपाळाला हात लावून पाहिले, तिला ते गरम वाटले नाही. अर्जदाराला थोडे वाटले, पण अर्जदाराचे हात नेहमीच गार असतात. अंगात ताप असलेल्या मुलाला लस देत नाहीत, हे अर्जदाराला माहीत आहे, कारण बोटीच्या दिवशी झाडाखाली उभे राहून त्यानेच ते आयांना सांगून परत पाठवले आहे. तरी बोट बुधवारऐवजी सोमवारी येऊ शकेल काय, हे कृपया उलट टपाली कळवावे, आणि डोके दुखणे म्हणजे ताप नव्हे, एवढी नोंद आजच्या तारखेने घ्यावी.